गळ्याला निरगाठ, खुंट्याला सुरगाठ

"बाई, नाव चालवायला कुठं शिकलीस गं?" असं बयाबाईला कुणी विचारलं, की ती सरळ सांगायची, "गोठ्यात." ऐकणारा हसायचा. ती हसायची नाही, कारण ते अगदी खरं होतं.

तिचं माहेर वेल्ह्याच्या वरच्या अंगाला, तोरण्याच्या पोटाशी. घरं थोडी आणि गुरं फार. तिथं पोरीच्या हातात चुलीच्या फुंकणीआधी दावं यायचं. बयाबाईच्या बापाचा एक दंडक होता. जनावराच्या गळ्यात दावं बांधायचं ते निरगाठीनं, आणि त्याच दाव्याचं दुसरं टोक खुंट्याला बांधायचं ते सुरगाठीनं. निरगाठ पक्की. ती सरकत नाही, म्हणून जनावरानं कितीही हिसके दिले तरी गळा आवळत नाही. सुरगाठीचं शेपूट मात्र बाहेर ठेवलेलं असतं. ते एकदा ओढलं की जनावर मोकळं. "गळ्याला निरगाठ, खुंट्याला सुरगाठ," असं म्हातारा पोरांकडून घोकून घ्यायचा. चुकलं की दाव्याचाच फटका पाठीत बसायचा.

लहानपणी बयाबाईला ही कटकट वाटायची. मग एका चैत्रात डोंगरावरचा वणवा उतरत उतरत गोठ्याच्या कुडाला लागला. घरात मोठं माणूस कुणी नव्हतं. एवढीशी बया धुरात शिरली आणि एकेक शेपूट ओढत सुटली. गुरं तिच्या अंगावरून उधळत बाहेर पडली, एक खूर तिच्या पायावर पडला, पण एकही जनावर आत राहिलं नाही. शेजारच्यांची म्हैस खुंट्याला निरगाठीनं बांधलेली होती. ती म्हैस वाचली नाही. तिचं ओरडणं बयाबाईच्या कानातून पुढं कधीच गेलं नाही.

लग्न होऊन ती गुंजवणीच्या काठी आली, मार्गासनीच्या खालच्या एका वाडीत, गेनबाच्या घरात. गेनबा तसा शेतकरीच, पण नदीवरची नाव त्याच्या घराकडे चालत आलेली. संस्थानी अमलातली ही गोष्ट, सन चौतीस-पस्तीसच्या आसपासची. वाडीपुढं पूल नव्हता. मृग लागला की नदी भरायची, आणि दसऱ्यापर्यंत अलीकडची माणसं अलीकडं आणि पलीकडची पलीकडं. मधे फक्त गेनबाची नाव.

ही नाव वल्ह्यानं चालत नसे, दोरानं चालायची. अलीकडच्या उंबरापासून पलीकडच्या जांभळीपर्यंत मनगटाएवढा जाड दोर नदीवरून आडवा ताणलेला असे. त्या दोरात एक लोखंडी कडं ओवलेलं. कड्याला एक आखूड दावं, आणि दाव्याचं दुसरं टोक नावेच्या नाकावरच्या खुंट्याला. नावेत उभं राहून हातानं मोठा दोर ओढत गेलं की कडं सरकत जाई आणि त्याच्यामागून नाव. पाण्याला ओढ कितीही असली तरी दावं नावेला वाहून जाऊ देत नसे.

लग्नानंतर पहिल्याच पावसाळ्यात नवरा-बायकोचं भांडण झालं ते या खुंट्यावरून. गेनबा दोन्हीकडं निरगाठ मारायचा. बयाबाईनं ते पाहिलं आणि कपाळावर हात मारला.

"अवं, खुंट्याला तरी सुरगाठ मारा. येळ आली तर सोडणार कशी?"

"नाव सोडायची कशाला? बांदून ठेवायची म्हणून तर दावं हाय. गुरं येगळी अन् नाव येगळी."

"येगळी कशी? दोनीबी दाव्यालाच हायेत की!"

गेनबानं ऐकलं नाही. सुंभ जळेल पण पीळ जाणार नाही, असा तो माणूस. वर्षं गेली. मग एका श्रावणात वाहत आलेला ओंडका नावेवर आदळला. दाव्यानं नावेला धरून ठेवलं, ओंडका तिला खाली दाबू लागला, आणि गेनबा फुगलेल्या निरगाठीशी झोंबत राहिला. शेवटी खुंटाच मोडला म्हणून तो जगला, पण उजव्या हाताची दोन बोटं दाव्यात चिरडली ती कायमची ताठली. दुसऱ्या दिवशी तिनं नवा खुंटा ठोकला, त्याला सुरगाठ मारली, पदर खोचला आणि नाव पाण्यात घातली.

बाई नाव ओढते, हे बघायला पहिले काही दिवस दोन्ही काठांवर जत्रा जमली. ती नाव ओढायला लागली की गाणं म्हणायची नाही, देवाचं नाव घ्यायची नाही, फक्त शिव्या द्यायची. पाण्याला, दोराला, उशिरा येणाऱ्यांना, लवकर येणाऱ्यांना. पण खरं सांगायचं तर त्या नावेवर तिचा जीव जडला होता. नदीच्या मध्यावर, दोन्ही काठ सारखेच लांब असताना, हातातल्या दोरातून पाण्याची थरथर तिच्या दंडापर्यंत यायची तेव्हा तिला वाटे, आपण आयुष्यभर हेच करावं.

वाडीचे पाटील रखमाजी. ते म्हणाले, "गेनबाचा हात बरा हुईस्तवर चालव. पर ध्यानात ठेव बया, काय इपरीत घडलं तर नाव मानसिंगाकडं जाईल." मानसिंग हा पलीकडच्या काठचा धिप्पाड गडी. तो नावेवर टपूनच होता. गेनबाचा हात काही बरा होणार नाही, हे सगळ्यांना ठाऊक होतं. म्हणजे नाव बयाबाईच्या हातात राहायची ती काही घडत नाही तोवरच.

आणि त्यातच आलं पाटलांच्या घरचं लग्न.

पाटलांचा मुलगा कुंडलिक नवरदेव. नवरी पलीकडच्या काठची. तीथ काढली होती आषाढातली, एकादशीच्या आदल्या दिवसाची. ती हुकली की चातुर्मास लागला. मग थेट तुळशीचं लग्न होईपर्यंत थांबा. नदी तर दोन दिवसांपासून लाल झाली होती. राजगडाच्या माथ्यावरून ढग हलायला तयार नव्हता.

"जाईल का वऱ्हाड?" पाटलांनी विचारलं.

"जाईल," बयाबाई म्हणाली. "थोडी थोडी मानसं न्हेईन. माज्या नावंत माजं ऐकायचं, येवढंच."

सकाळपासून खेपा सुरू झाल्या. पाटील पहिल्याच खेपेत पलीकडं गेले. मग भांडी गेली, मग बायका, मग कर्ते पुरुष. प्रत्येक खेपेला गेनबा काठावरून ओरडून सूचना करायचा आणि प्रत्येक खेपेला बयाबाई त्याला नावेतूनच उत्तर द्यायची. वऱ्हाडी मंडळींची तेवढीच करमणूक. शेवटच्या खेपेला राहिले नवरदेव, त्याची आत्या बाळाबाई, एक सनईवाला आणि दोन करवल्या.

कुंडलिकाच्या अंगाला हळद, डोक्याला बाशिंग आणि हातात कट्यार. कट्यारीच्या टोकाला लिंबू टोचलेलं. हळद लागली की दृष्ट लागू नये म्हणून नवरदेवानं हत्यार हातातच ठेवायचं, अक्षता पडेपर्यंत खाली ठेवायचं नाही. बाळाबाईनं त्याला हे इतक्या वेळा बजावलं होतं, की पोरगा कट्यार दोन्ही हातांनी छातीशी धरून चालत होता.

बाळाबाई म्हणजे पाटलांची थोरली बहीण. त्यांना आईच्या मागं तिनंच वाढवलं होतं. घरात तिचा शब्द खाली पडत नसे. ती नावेजवळ आली आणि तिची नजर गेली ती नेमकी खुंट्यावर.

"ही कसली गाठ?"

"सुरगाठ, आत्याबाई."

"अगं बया बया! हळदीचं पोरगं बसतंय नावंत, अन् तू सुरगाठ मारतीस? आज लगीनगाठ पडायची, अन् तू सुटायची गाठ दावतीस? संसार सुटंल की त्याचा! निरगाठ मार!"

"न्हाई मारायची. वरनं झाड-झुडूप आलं तर एका हिसक्यात सोडायला पायजेल."

"तोंडाला आवर घाल. लग्नाच्या दिवशी झाड येतंय म्हनं!"

"म्या येतंय म्हनले न्हाई. आलं तर म्हनले. माज्या नावंत माजं ऐकायचं, पाटलांनी कबूल केलंय."

बाळाबाई गप्प झाली. ती गप्प झाली की घरची माणसं सावध व्हायची. बयाबाईला ते ठाऊक नव्हतं. ती करवल्यांचा हात धरून त्यांना आत घेत होती, गेनबा काठावरून "मधी बसवा, मधी!" म्हणून ओरडत होता, आणि तेवढ्यात बाळाबाई नावेच्या नाकाशी जाऊन बसली. तिनं पदराआड सुरगाठीचं शेपूट उचललं, गाठीच्या फासातून आरपार घातलं, आवळलं आणि वरून आणखी दोन गाठी मारल्या. भाच्याच्या संसाराची तिनं तिच्यापरीनं पक्की तजवीज केली. मग डोळे मिटून खंडोबाला हात जोडले.

नाव निघाली. सनईवाल्यानं सनई लावली. पाऊस थोडा थांबला होता आणि पलीकडच्या काठावर पाटलांचा तांबडा पटका स्पष्ट दिसत होता. बयाबाईला फार आनंद झाला होता. शेवटची खेप! हे पोरगं पलीकडं उतरलं की पाटील काय म्हणतील, हे ती मनातल्या मनात रंगवत होती. दोर हातातून सरसर मागं जात होता. मध्य आला. दोराची थरथर एकदम वाढली.

तिनं मान वर केली आणि तिला झाड दिसलं.

अख्खं झाड, मुळासकट. वळणावरून ते आडवं होऊन आलं, गरकन फिरलं आणि मुळ्या पुढं करून सरळ नावेच्या रोखानं निघालं. सनई मधेच विरली. काठावरून गेनबा ओरडला, "बये, सोड! सोऽड!" आयुष्यात पहिल्यांदा त्यानं बायकोला नाव सोड म्हणून सांगितलं.

बयाबाई घाबरली नाही. यासाठीच तर तिनं इतकी वर्षं भांडण केलं होतं. मोठा दोर टाकून ती नाकाकडं झेपावली, शेपूट धरलं आणि हिसका दिला. गाठ हलली नाही. दुसरा हिसका दिला. गाठ आणखीच आवळली. तिनं वाकून पाहिलं. सुरगाठीची निरगाठ झाली होती. एक नाही, एकावर एक. अंबाडीचं दावं पाणी पिऊन फुगलं होतं. तिनं नखं घातली, नख मोडलं. दात घातले, ओठ फुटला. त्या क्षणी तिच्या कानात ती म्हैस ओरडत होती.

झाड आता इतकं जवळ आलं होतं की मुळ्यांतून गळणारा चिखल दिसत होता. बयाबाईनं वर पाहिलं. समोर कुंडलिक, छातीशी कट्यार धरून बसलेला.

"नवरदेव, ती हिकडं द्या!"

"आत्ती म्हनली, हातातनं सोडायची न्हाई!"

"मग सोडू नगा! हातात धरूनच कापा! हितं, हितं कापा!"

पोरगं उठलं. बाशिंग एका डोळ्यावर आलं होतं. बयाबाईनं त्याच्या कमरेचा शेला मुठीत धरला आणि तो नाकावर ओणवा झाला. कट्यार आजोबांच्या वेळची, धार अशी की लिंबू टोचलं हीच तिची मर्दुमकी. कुंडलिक करवतीसारखी ती दाव्यावर घासू लागला. लिंबू उडून पाण्यात पडलं. बाळाबाईनं "अगं आई गं, लिंबू!" म्हणून किंकाळी फोडली. एक पेड तुटला. दुसरा तुटला. "काप रं माज्या वाघा, काप!" बयाबाई ओरडत होती, नवरदेवाला अहोजाहो करायचं तिला भान राहिलं नव्हतं. तिसरा पेड ताणानं आपणच फाटकन तुटला, आणि नाव एकदम मोकळी झाली.

ती मोकळी झाली आणि झाड येऊन दोराला धडकलं. मोठा दोर खालच्या अंगाला ताणला गेला, झाड उभं राहिलं, उलटं झालं आणि कड्याला लोंबणारं तुटकं दावं घेऊन पाण्याखाली गेलं. नाव तिथं असती तर काय झालं असतं, हे कुणी कुणाला सांगायची गरज उरली नाही.

"खाली बसा समदी! हालू नगा!" बयाबाईनं लांब बांबू उचलला. पाणी नावेला ओढत होतं, ओढू दे. नदीशी ताकदीनं भांडायचं नसतं, हे तिला ठाऊक होतं; नवऱ्याशीही ती तशी कधी भांडली नव्हती. खालच्या वळणावर करंजांच्या झाडांखाली पाणी मऊ व्हायचं. तिथवर तिनं नाव नुसती सरळ ठेवली, आणि वळण येताच सगळं अंग टाकून बांबू रोवला. नाव फिरली, काठाला घासली आणि चिखलात रुतली. पलीकडचाच काठ! करवल्या रडत-हसत उतरल्या. सनईवाल्यानं कारण नसताना सनई फुंकली.

काठाकाठानं धावत पाटील आले, मागून अर्धं वऱ्हाड. मुलगा धडधाकट आहे हे पाहिल्यावर पाटलांचा जीव भांड्यात पडला, आणि जीव भांड्यात पडल्याबरोबर त्यांना राग आला.

"नाव सुटलीच कशी? बाईच्या हाती दोर दिला, माजंच चुकलं! आजपासनं नाव मानसिंगाकडं!"

बयाबाईनं बोलायला तोंड उघडलं. तिच्या ओठातून रक्त येत होतं. तेवढ्यात तिची नजर बाळाबाईवर गेली. म्हातारी चिखलात बसली होती आणि पुन्हा पुन्हा भाच्याचे हात चाचपून पाहत होती. गाठ कुणी मारली हे बयाबाईला तेव्हाच कळलं. लग्नाच्या दिवशी, चारचौघांत, त्या चिखलात बसलेल्या बाईचं नाव घ्यायला तिची जीभ वळली नाही. ती तोंड फिरवून उभी राहिली आणि तिला रडू आलं.

"बघू तरी कसली गाठ मारलीवती," म्हणत पाटील खुंट्याशी वाकले. कापलेल्या दाव्याचा तुकडा अजून तिथं होता. त्यांनी गाठीला नखं घातली. सुटेना. मग सवयीनं त्यांनी तोंड खाली नेलं, दात लावला, आणि एकदम थांबले. ते तसेच वाकून राहिले. मग हळूच त्यांनी वर पाहिलं, ते बयाबाईकडं नाही, बहिणीकडं.

त्यांनी ती गाठ खुंट्यावरून उपसून काढली, बाराबंदीत खोचली आणि एवढंच म्हणाले, "चला, मुहूर्त टळंल."

लग्न लागलं. तिथीला लागलं, वेळेवर लागलं, आणि अक्षता पडेपर्यंत नवरदेवानं कट्यार हातातून सोडली नाही. लिंबाच्या जागी कुणीतरी दुसरं लिंबू टोचलं होतं. बयाबाई मांडवाच्या कडेला अंग चोरून बसली होती. पंगत बसली, बायकांची नाव घ्यायची चढाओढ सुरू झाली. एकीनं घेतलं, दुसरीनं घेतलं. मग बाळाबाई हळदीकुंकवाचं ताट घेऊन उठली, सगळ्या मांडवातून चालत बयाबाईपुढं आली, तिला कुंकू लावलं आणि खणखणीत आवाजात म्हणाली, "बया, आता तू नाव घे."

मांडव वळून बघू लागला. बयाबाईच्या मनात आलं, ताकाला जाऊन भांडं कशाला लपवायचं?

"कुठलं नाव घेऊ, आत्याबाई? माजी नाव तर पाटलांनी मानसिंगाला दिली. आदी माजी नाव द्या, मग नाव घेते!"

हशा पिकला. पुरुषांच्या पंगतीतून पाटील उठले. त्यांनी बाराबंदीतून ती गाठ काढली आणि बहिणीच्या ताटात कुंकवाशेजारी ठेवली.

"आक्का, शेतावर तू मला भाकरी बांदून द्यायचीस. फडक्याला हीच गाठ असायची, एकावर एक अन् वर आनिक येक. ही सोडताना माजा पहिला दात पडलाय. हिला म्या जन्मात इसरायचा न्हाई. आता तूच सांग, नाव कुनाची?"

बाळाबाईनं गाठीकडं पाहिलं. तिची मान काही खाली गेली नाही. त्या घरात ती रीतच नव्हती.

"गाठ माजी," ती म्हणाली. "नाव हिची. अन् हिची ऱ्हाईल. पर सुरगाठ लग्नात मारू नये, हे म्या आजबी म्हनते. संसाराची गाठ सुटती असावी का?"

बयाबाई उठून उभी राहिली. फुटका ओठ हसताना दुखत होता, तरी ती तोंडभर हसली. तिनं पदर सावरला आणि गळ्यातलं डोरलं बोटांत धरून सगळ्यांना दिसेल असं पुढं केलं.

"गळ्याला निरगाठ, खुंट्याला सुरगाठ,
गेनबांची नाव माजी, गेनबांचं नाव पाठ!"

टाळ्या, शिट्ट्या, सनई, सगळा एकच कल्लोळ झाला. बाळाबाई ताट हातात घेऊन तशीच उभी होती. मग तिचा मोकळा हात हळूच वर गेला, आणि तिनं आपल्या गळ्यातल्या डोरल्याची गाठ चाचपून पाहिली.